कथिलाचा शिपाई आणि थंडीचा हिशेब

डेन्मार्कच्या हान्स अँडरसनची कथिलाच्या शिपायाची गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी कुठे ना कुठे वाचलेली असते. १८३८ साली प्रसिद्ध झालेल्या या गोष्टीत एका जुन्या कथिलाच्या चमच्यातून पंचवीस शिपाई ओतले जातात. शेवटच्या शिपायाच्या वेळी कथील कमी पडते आणि तो बिचारा जन्मभर एका पायावर उभा राहतो. लेखकाने ही बाब जाता जाता सांगून टाकली आहे. पण युद्धाविषयीचे इतके खरे निरीक्षण बालवाङ्मयात क्वचितच सापडेल, असे मला वाटते. सामान कमी पडले, की ते शेवटी शिपायाच्या पायातून वजा होते.

रंगवलेले धातूचे शिपाई जमवण्याच्या छंदाची, आणि त्यातही दुसऱ्या महायुद्धातील हिवाळी पायदळाचे शिपाई जमवण्याच्या छंदाची बाजू मला या लेखात मांडायची आहे. हा विषय मित्रमंडळींत निघाला की दोन आक्षेप हमखास येतात. पहिला, ‘एवढा घोडा झालास तरी खेळण्यांतच रमतोस?’ याला उत्तर देण्याची गरज नाही. पोस्टाची तिकिटे जमवणारे आजोबा आपल्याला चालतात, मग बोटाएवढ्या शिपायानेच काय घोडे मारले? दुसरा आक्षेप मात्र गंभीर आहे. युद्धात माणसे मेली, गोठली, सडली. त्यांची सुबक रंगीत बाहुली करून काचेच्या कपाटात मांडणे म्हणजे युद्धाची भलावण नव्हे काय? या प्रश्नाला बगल देऊन हा छंद प्रामाणिकपणे करता येणार नाही, हे मलाही मान्य आहे.

प्रथम या छंदाची थोडी कुळकथा. धातूच्या खेळण्यातल्या शिपायांची पहिली मोठी बाजारपेठ जर्मनीतील न्यूरेंबर्गची. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे हिल्पर्ट नावाच्या कारागिराने कथिलाचे चपटे शिपाई ओतून विकायला सुरुवात केली. पुढे १८३९ साली सुरू झालेल्या हाइनरिक्सन यांच्या कारखान्याने सुमारे तीस मिलिमीटर उंचीचे माप रूढ केले. त्यामुळे निरनिराळ्या कारागिरांचे शिपाई एकाच रणांगणावर मांडता येऊ लागले. १८९३ साली इंग्लंडमध्ये विल्यम ब्रिटन यांनी एक युक्ती काढली. साच्यात वितळलेले शिसे ओतायचे, साच्याला लागलेला थर घट्ट होताच उरलेले शिसे ओतून काढायचे, की आतून पोकळ शिपाई तयार! शिसे कमी लागले, वजन घटले, किंमत उतरली आणि चोपन्न मिलिमीटर उंचीचा लाल डगल्याचा शिपाई इंग्लंडमधल्या घराघरांत शिरला. शिसे मुलांच्या प्रकृतीला घातक असल्यामुळे १९६६ च्या सुमारास तेथील शिशाच्या खेळण्यांचे उत्पादन थांबले. त्यानंतर मुलांच्या हाती प्लॅस्टिकचे शिपाई आले आणि धातूचा शिपाई मोठ्यांच्या कपाटात गेला. १९८० च्या दशकात हाँगकाँगमध्ये ‘किंग अँड कंट्री’ ही कंपनी निघाली. तिच्यासारख्या उत्पादकांनी रंगवून तयार असलेले साठ मिलिमीटरच्या आसपासचे शिपाई बाजारात आणले. आज दुसऱ्या महायुद्धाचे बर्फातले शिपाई जमवणारा बहुधा अशांचाच गिऱ्हाईक असतो. परदेशातून मागवला तर एकेका शिपायाला काही हजार रुपये पडतात. विद्यार्थ्याने म्हणूनच न रंगवलेले ओतीव शिपाई घ्यावेत आणि स्वतः रंगवावेत. माझ्याकडे सगळे मिळून अकरा आहेत. त्यांतले सात मीच रंगवलेले.

आणि मराठी माणसाला हा छंद परका आहे असे कोणी म्हणू नये. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करून त्यावर हळीव पेरणारा, बाजारातून रंगवलेले मावळे आणून बुरुजाबुरुजावर उभे करणारा प्रत्येक मुलगा या छंदाच्या उंबरठ्यावर येऊन गेलेला आहे. आपला वाघ किल्ल्याच्या दरवाजापेक्षा मोठा असतो आणि महाराजांच्या शेजारी कधी एखादा ट्रॅफिक पोलीसही उभा असतो, हा भाग निराळा!

आता मूळ प्रश्न. शिपायांतही हिवाळी शिपाईच का?

संचलनाचा शिपाई पाहा. लाल कोट, चकाकणारी बटणे, ताठ मान. त्याच्याकडे पाहून आपल्याला एवढेच कळते, की त्याच्या राजाला कसे दिसायला आवडत असे. हिवाळी शिपायाचे तसे नाही. त्याच्या अंगावर जे आहे ते दिसण्यासाठी नाही, जगण्यासाठी आहे. आणि जे नाही, ते कोणीतरी द्यायचे विसरले म्हणून नाही. त्याची टोपी, त्याचे हातमोजे आणि विशेषतः त्याचे बूट म्हणजे त्याच्या सरकारने त्याच्याविषयी केलेल्या विचाराची जमाखर्चाची वहीच. ही वही वाचायला शिकवतो म्हणून हा छंद मला मोलाचा वाटतो. तीन पाने उलटून दाखवतो.

पहिले पान फिनलंडचे. ३० नोव्हेंबर १९३९ रोजी सोव्हिएत संघाने फिनलंडवर स्वारी केली. १३ मार्च १९४० पर्यंत चाललेल्या या लढाईला ‘हिवाळी युद्ध’ असेच नाव पडले. या युद्धातला फिनिश शिपाई संग्राहकांचा लाडका आहे: पायांत बर्फावर घसरायच्या लांब पट्ट्या, डोक्यापासून गुडघ्यापर्यंत पांढरा झगा, खांद्याला बंदूक. पण चांगल्या कारागिराने केलेला शिपाई असेल तर त्या झग्याच्या गळ्यापाशी नीट पाहावे. आत लष्करी कोट दिसेलच असे नाही. फिनलंडच्या सरकारकडे सर्वांना पुरेल इतके गणवेशच नव्हते. अनेकांना पट्टा, टोपीवरचे राष्ट्रचिन्ह आणि बंदूक एवढेच मिळाले. बाकीचे कपडे घरचे. त्या काळच्या पंतप्रधान कायांदेर यांच्या नावावरून शिपाई या पोशाखाला थट्टेने ‘कायांदेर नमुना’ म्हणत. मात्र घरचे कपडे असले तरी ते त्या थंडीत वाढलेल्या माणसाचे कपडे होते. समोरच्या सोव्हिएत तुकड्यांत युक्रेनमधून आणलेली एक डिव्हिजन होती. जानेवारी १९४० च्या पहिल्या आठवड्यात राते नावाच्या रस्त्यावर फिनिश तुकड्यांनी तिचे तुकडे तुकडे केले. बर्फात वावरायचे साहित्य आणि पांढरे झगे त्या तुकड्यांकडे पुरेसे नव्हते. पांढऱ्या बर्फावर गडद डगल्यातला माणूस म्हणजे फळ्यावरचा खडूचा ठिपका, फक्त रंग उलटे. त्या शिपायाच्या डोक्यावर टोकदार कापडी टोपी असते. युद्धानंतर सोव्हिएत सैन्याने धडा घेतला आणि १९४० मध्येच ती टोपी जाऊन लोकरीची कानटोपी आली. तेव्हा टोकदार टोपीचा शिपाई दिसला की समजावे, हा धडा शिकण्याआधीचा. कानटोपीचा दिसला की समजावे, कोणाच्या तरी गोठलेल्या कानांनी याचे कान वाचवले आहेत.

दुसरे पान मॉस्कोच्या वेशीवरचे. २२ जून १९४१ रोजी जर्मनीने सोव्हिएत संघावर आक्रमण केले. हिवाळ्यापूर्वी मोहीम आटोपेल असा हिशेब होता. त्यामुळे हिवाळी कपड्यांची तजवीज झाली ती जिंकलेल्या मुलखात मागे राहणाऱ्या थोड्या सैन्यापुरतीच. मोहीम आटोपली नाही, हिवाळा मात्र वेळेवर आला. जे थोडे कपडे होते तेही पोलंडमध्ये पडून राहिले, कारण रेल्वेच्या डब्यांतली जागा तेलाला आणि दारूगोळ्याला हवी होती. २० डिसेंबर १९४१ रोजी गोबेल्सने जर्मन जनतेला लोकरी कपडे आणि फरचे कोट दान करण्याचे आवाहन केले. आघाडीवर तोवर पारा शून्याखाली तीस अंशांच्याही खाली गेला होता. बुटांच्या तळाला ठोकलेल्या लोखंडी खिळ्यांनी थंडी सरळ तळपायात उतरत होती. हिमदंश झालेल्यांची संख्या त्या हिवाळ्यात लाखाच्या वर गेली. पुढे १९४२ साली त्या हिवाळ्याच्या आठवणीसाठी एक पदक काढण्यात आले. शिपायांनी त्याला ‘गोठलेल्या मांसाचे पदक’ असे नाव देऊन टाकले.

या हिवाळ्यातला जर्मन शिपाई पातळ डगल्यावर बाईमाणसाची शाल गुंडाळलेला, शिरस्त्राणाखाली मफलर बांधलेला, कुठून तरी मिळवलेली चादर पाठीवर टाकलेला असतो. त्याच्या शेजारी त्याच महिन्यातला सोव्हिएत शिपाई ठेवा. अंगात गोधडीसारखे टाके घातलेला कापसाचा जाड डगला, डोक्यावर कानटोपी, पायांत नमद्याचे गुडघ्यापर्यंतचे बूट. दिसायला हा गावंढळ, तो रुबाबदार देशाचा. पण कोणाच्या घरच्यांनी हिवाळ्याचा विचार केला होता, हे पाच वर्षांचे मूलही सांगेल. पुढच्या वर्षी जर्मनांनी एका बाजूने पांढरा आणि दुसऱ्या बाजूने करडा असा, उलटा करून घालता येणारा उबदार पोशाख काढला. हिशेब जुळला, पण वर्षभर उशिरा. दरम्यान स्टालिनग्राड घडले. २ फेब्रुवारी १९४३ रोजी तेथील उरलेल्या जर्मन सैन्याने शस्त्रे ठेवली. कैद झालेल्या सुमारे ९१,००० माणसांपैकी मायदेशी परतले ते पाच-सहा हजारच.

तिसरे पान आर्देनच्या जंगलातले. ‘हा हुकूमशहांच्या राज्यातला प्रकार’ असे म्हणून कोणी सुटका करून घेईल, म्हणून हे पान मुद्दाम उलटतो. १९४४ च्या शरद ऋतूत अमेरिकन सेनापती ब्रॅडली यांच्यापुढे प्रश्न होता: मर्यादित वाहनांतून पुढे काय पाठवायचे, तेल आणि दारूगोळा की हिवाळी कपडे? त्यांनी तेल आणि दारूगोळा निवडला. ही गोष्ट त्यांनी पुढे आपल्या आठवणींत लपवलेली नाही. युद्ध हिवाळ्यापूर्वी संपले नाही. १६ डिसेंबर १९४४ रोजी जर्मनांनी आर्देनमध्ये अचानक हल्ला चढवला. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशाचे शिपाई ओल्या चामडी बुटांनी बर्फात उभे होते. खंदकातल्या ओल-थंडीने पाय सडण्याच्या विकाराने त्या हिवाळ्यात चाळीस हजारांहून अधिक अमेरिकन शिपाई आघाडीवरून मागे न्यावे लागले. पांढरे झगेही नव्हतेच. बास्तोन गावाजवळ हेमरूल म्हणून एक खेडे आहे. तेथे मुक्काम असलेल्या तुकडीच्या एका मेजरने गावकऱ्यांकडे पलंगावरच्या चादरी मागितल्या आणि गावाने सुमारे दोनशे चादरी काढून दिल्या. युद्धानंतर हा अधिकारी अमेरिकेतल्या आपल्या गावच्या लोकांनी दिलेल्या चादरी घेऊन त्या खेड्यात परत गेला आणि त्याने ते देणे फेडले. चादर पांघरलेला अमेरिकन शिपाई आजही संग्राहकांच्या कपाटांत दिसतो. पाहणाऱ्याला तो गमतीचा वाटतो. मला मात्र त्या चादरीत एका सेनापतीने केलेली वजाबाकी आणि एका खेड्याने केलेली बेरीज, दोन्ही दिसतात.

आता भलावणीच्या आक्षेपाकडे वळतो. खेळण्यातल्या शिपायांनी मुले युद्धाकडे ओढली जातात, याला मोठा साक्षीदार आहे तो विन्स्टन चर्चिल. त्याच्याकडे लहानपणी सुमारे दीड हजार शिपाई होते. ते पाहून वडिलांनी त्याला विचारले, सैन्यात जातोस का? मुलाला वाटले, आपले सेनापतित्व बापाने ओळखले. पुढे कळले, की हा वकिलीपुरता हुशार नाही, असे वडिलांचे मत झाले होते! पण याच हकिकतीत आपल्या विषयाला धरून एक बाब आहे. त्या सैन्यात सगळे होते, फक्त सामानाच्या गाड्या नव्हत्या. वडिलांच्या एका स्नेह्याच्या हे लक्षात आले आणि गाड्यांसाठी त्याने पैसे दिले. जे उणे त्या गृहस्थाला दिसले ते पाहायला शिकणे, हाच माझ्या मते या छंदाचा खरा अभ्यासक्रम.

उलट बाजूला एच. जी. वेल्स आहे. त्याने १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ नावाचे शिपायांच्या खेळाचे नियमांचे पुस्तक लिहिले. शेवटी त्याने सुचवले ते असे, की ज्यांना युद्धाची हौस आहे त्यांनी ती अशीच जमिनीवर बसून भागवावी. खरे युद्ध या खेळाहून फार अधिक मूर्खपणाचे आहे. पुढच्याच वर्षी खरे युद्ध सुरू झाले, म्हणजे खेळण्यांनी युद्ध टळत नाही. आणि खेळणी काढून घेतल्यानेही ते टळत नाही. इंग्रजी विनोदी लेखक साकी याच्या एका कथेत मुलांना शिपायांऐवजी शांततेची खेळणी देतात, आणि मुले त्यांतूनच लढाई उभी करतात. स्वतः साकी १९१६ साली फ्रान्समधल्या आघाडीवर मारला गेला. खेळण्याला दोष देणे सोपे आहे. प्रश्न आहे तो त्याच्याकडे आपण कसे पाहतो याचा.

येथे संग्राहकांच्या विरुद्धही बोलले पाहिजे. १९४३ च्या खारकोव्हच्या लढाईतले, फरच्या अस्तराचे झगे घातलेले जर्मन एसएसचे शिपाई बाजारात फार खपतात, कारण ते दिसतात उमदे. ज्या संघटनेने छळछावण्या चालवल्या तिच्या शिपायाला केवळ झग्याच्या घडीसाठी कपाटाच्या मधोमध उभे करणे मला पटत नाही. ठेवायचाच असेल तर त्याच्या शेजारी शाल गुंडाळलेला कैदी ठेवावा आणि खाली दोन ओळींची चिठ्ठी लिहावी. चिठ्ठीशिवायचे कपाट म्हणजे नुसते दुकान.

रंगवण्याच्या बाबतीतही हाच प्रामाणिकपणा लागतो. जाणकार सांगतात, पांढरा रंग सर्वांत अवघड. नुसता पांढरा दिला तर शिपाई खडूचा दिसतो. घड्यांत राखी-निळसर छटा द्यावी लागते, कोपर आणि गुडघे मळवावे लागतात, झग्याच्या काठाला चिखल लावावा लागतो. तळावरच्या बर्फासाठी खाण्याचा सोडा वापरला तर काही वर्षांत तो पिवळा पडतो. जुने शिशाचे शिपाई ओकच्या लाकडी कपाटात बंद ठेवले तर लाकडातून निघणाऱ्या आम्लाने त्यांच्यावर पांढरी भुकटी चढते आणि ते झिजत जातात. शुद्ध कथिलाची तऱ्हा तर आणखी चमत्कारिक. सुमारे तेरा अंशांच्या खाली दीर्घकाळ राहिले तर हळूहळू त्याची करडी पूड होऊ शकते. नेपोलियनच्या सैन्याची बटणे १८१२ साली रशियात अशीच विरघळली, अशी एक आख्यायिका आहे. इतिहासकार तिच्यावर विश्वास ठेवत नाहीत. पण थंडी कथिलाच्या शिपायालाही सोडत नाही, ही गोष्ट शास्त्रानेच सांगितलेली आहे.

शेवटी आपल्या कपाटातल्या एका रिकाम्या जागेविषयी. मी पाहिलेल्या संग्रहांत फिनिश, रशियन, जर्मन, अमेरिकन असे सारे बर्फात उभे आहेत. आपला शिपाई मात्र सापडला की तो घोड्यावर, फेट्यात, भाला घेऊन, दरबारी थाटात. बर्फात आपण नव्हतो काय? १९४४ च्या हिवाळ्यात आठवी भारतीय डिव्हिजन इटलीतल्या अपेनाइन पर्वतांत होती आणि तिच्यात मराठा पलटणही होती. घाटमाथ्यावरचा, नगर-साताऱ्याकडचा शेतकऱ्याचा पोर त्या चिखल-बर्फात उभा होता. इटलीच्या मोहिमेत साडेपाच हजारांहून अधिक भारतीय सैनिक कामी आले. १९६२ च्या ऑक्टोबरमध्ये नामका चू नदीकाठी, दहा हजार फुटांहून अधिक उंचीवर, आपले जवान सुती गणवेशात आणि कॅनव्हासच्या बुटांत उभे केले गेले. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला लडाखमध्ये रेझांग ला येथे मेजर शैतानसिंग यांची कुमाऊँ रेजिमेंटची तुकडी जवळजवळ संपूर्ण कामी आली. पुढच्या वर्षी शोध घेणाऱ्यांना जवान सापडले ते आपापल्या जागी, गोठलेले, हातांत शस्त्रे घेऊन. १९८४ पासून सियाचीनवर आपले सैन्य बारमाही बर्फात आहे. आपल्या शिपायाच्या वहीतही अशी पाने आहेत, आणि ती वाचणे दुसऱ्याची पाने वाचण्याइतके सोपे नाही. मॉस्कोपुढच्या जर्मनाच्या पातळ डगल्याला हसणे सोपे. नामका चूच्या कॅनव्हासच्या बुटाकडे पाहताना हसू येत नाही.

म्हणून एक सूचना करतो. आपल्या इतिहास मंडळाने पुढच्या दिवाळीत एक किल्ला असा करावा, की ज्यावर हळिवाऐवजी बर्फ असेल. महागडे परदेशी शिपाई नकोत. आपल्या कुंभाराची माती आणि आपल्या चित्रकला शाखेच्या मित्रांचे कुंचले पुरेत. अपेनाइनमधला मराठा, नामका चूचा जवान आणि सियाचीनचा जवान असे तिघे शेजारी शेजारी उभे करावेत. प्रत्येकाचे बूट तेवढे अचूक असू द्यात. ते तीन जोड बूट पाहून, कोणी कोणाचा किती विचार केला आणि केव्हा केला, हे ज्याला विचारावेसे वाटेल, त्याला युद्धाची भलावण शिकवणे पुढे कोणालाही जड जाईल.